जाड तारेची किंकाळी

गिटारची तार छेडली की तिच्यातून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे उपस्वर त्याच्यासोबत वाजत असतात आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर वाद्याचा पोत ठरतो. तार कंप पावत असताना तिच्या लांबीच्या निम्म्यावर, एक तृतीयांशावर किंवा एक चतुर्थांशावर बोट नुसते टेकवून उचलले, तर मूळ स्वर विझतो आणि ज्यांचा निस्पंद (कंप न पावणारा) बिंदू त्या जागी पडतो ते उपस्वर तेवढे शिल्लक राहतात. मोकळ्या तारेवर असे केले तर तो नैसर्गिक हार्मोनिक. डाव्या हाताने एखाद्या फ्रेटवर तार दाबून, उरलेल्या लांबीच्या नेमक्या हिश्श्यावर उजव्या हाताने स्पर्श केला तर तो कृत्रिम हार्मोनिक. इलेक्ट्रिक गिटारवर तो बहुधा ‘पिंच’ पद्धतीने काढतात: पिक अगदी टोकाशी धरायचे आणि त्याचा फटका तारेवर बसताच अंगठ्याची कड तारेला ओझरती लागू द्यायची. अॅम्प्लिफायर तापलेला असेल तर स्वराऐवजी किंकाळी बाहेर पडते.

बारीक तारांवर, वरच्या फ्रेटवर हा प्रकार नवशिक्यालाही थोड्या दिवसांत साधतो. पाचव्या आणि सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेवर मात्र बऱ्याचदा ‘टक्’ एवढाच मुका आवाज येतो. त्याचे खापर सहसा तारेवर फुटते. तार जाड, सुस्त, खर्जातली, तेव्हा तिच्यातून इतका उंच स्वर निघणार कसा, असा समज आहे. उपस्वरांचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. लांब आणि जाड तार हेच उपस्वरांचे जुने माहेर आहे.

मध्ययुगापासून अठराव्या शतकापर्यंत युरोपात ‘ट्रॉम्बा मरीना’ नावाचे एक चमत्कारिक वाद्य वाजवले जाई. माणसाच्या उंचीचा निमुळता लाकडी खोका, त्यावर आतड्याची एकच जाड तार आणि गज. वादक ती तार दाबत नसे. अंगठ्याची कड तिच्या वेगवेगळ्या हिश्श्यांवर टेकवून केवळ उपस्वरांवर धून वाजवी. तारेखालच्या घोडीचा एक पाय मोकळा असे आणि तो वाद्याच्या पटलावर थरथरत राही, त्यामुळे आवाज तुतारीसारखा कर्कश होई. जर्मनीतल्या मठांमध्ये जोगिणी ते तुतारीच्या जागी वाजवत. आजचा मेटल गिटारवादक अंगठ्याची जी कड वापरतो तीच इथे कामी येत होती, आणि तीही त्याच्या सहाव्या तारेपेक्षा कितीतरी लांब तारेवर. फरक एवढाच की ट्रॉम्बा मरीनाच्या वादकाचा दुसरा हात गजासाठी मोकळा होता.

तार भागाभागांनी कंप पावते याचा शास्त्रीय पडताळा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. ऑक्सफर्डमधल्या विल्यम नोबल आणि थॉमस पिगॉट यांची निरीक्षणे गणिती जॉन वॉलिस यांनी १६७७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. १६९२ मध्ये फ्रान्सिस रॉबर्ट्स यांनी तुतारी आणि ट्रॉम्बा मरीना या दोघांना ठरावीकच स्वर का मिळतात याची मीमांसा केली. १७०१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जोसेफ सोव्हर यांनी या स्वरांना ‘हार्मोनिक’ हे नाव दिले. तारेवर कागदाचे कपटे ठेवून त्यांनी प्रात्यक्षिकही दाखवले: निस्पंद बिंदूंवरचे कपटे जागचे हलत नाहीत, मधले उडून पडतात. सोव्हर यांना ऐकू कमी येत असे. ध्वनिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते, ही गोष्ट त्यामुळे अधिकच नोंद घेण्यासारखी.

व्हायोलिनवादकांनी हे ज्ञान पटकन उचलले. फ्रान्समधील मोंडोनव्हिल यांनी १७३८ च्या सुमारास उपस्वरांवर आधारलेल्या सोनाटांचा संग्रह छापला. त्यातले हार्मोनिक मोकळ्या तारांचे होते. पुढे पागानिनी यांनी कृत्रिम हार्मोनिकचा, आणि एकाच वेळी दोन तारांवर ते काढण्याचा, इतका वापर केला की श्रोत्यांना त्यात काही अमानवी वाटू लागले. व्हायोलिनवर डाव्या हाताची तर्जनी तार दाबते आणि करंगळी त्याच तारेला पुढे हलकेच शिवते. हे जमते कारण व्हायोलिनची तार लहान असते. डबल बासवर खालच्या स्वरांजवळ तेवढे अंतर एका पंजात मावतच नाही. तिथले नैसर्गिक हार्मोनिक मात्र भरदार आणि सहज निघतात. म्हणजे तिथेही अडवणूक होते ती पंजाच्या मापाने. तारेत उपस्वर भरपूर असतात.

गिटारची गोष्ट आणखी अवघड, कारण तिला गज नाही. डावा हात तार दाबण्यात गुंतला की स्पर्श करणे आणि छेडणे ही दोन्ही कामे उजव्या हातावर येतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आग्वादो आणि फेर्नांदो सोर या स्पॅनिश वादकांनी लिहिलेल्या शिक्षणग्रंथांत हार्मोनिकला जागा आहे. अभिजात गिटारवर रुळलेली रीत अशी: उजव्या हाताची तर्जनी दाबलेल्या फ्रेटपासून बरोबर बारा फ्रेट पुढे, म्हणजे उरलेल्या तारेच्या मध्यावर टेकवायची आणि अंगठ्याने किंवा अनामिकेने मागून तार छेडायची. मिगेल योबेत यांनी १९०० साली केलेल्या ‘एल तेस्तामेंत द अमेलिया’ या कातालान लोकगीताच्या मांडणीत असे कृत्रिम हार्मोनिक ऐकायला मिळतात. या पद्धतीत स्पर्शाचे बोट आणि छेडणारे बोट यांच्यात चांगले वीतभर नसले तरी चार बोटांचे अंतर राहते. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या अंतरात आहे.

त्यामागचा नियम थॉमस यंग यांनी १८०० साली मांडला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल तो उपस्वर उमटत नाही. मध्यावर छेडलेल्या तारेत दुसरा उपस्वर नसतो, एक पंचमांशावर छेडलेल्या तारेत पाचवा नसतो. बिंदूपासून थोडे सरकले तर तो क्षीण उमटतो, आणि दोन निस्पंद बिंदूंच्या बरोबर मध्ये छेडले तर सर्वांत जोरकस. आता पिंच पद्धतीकडे पाहावे. तिच्यात अंगठा ज्या बिंदूवर टेकतो त्याच्या शेजारीच, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर, पिकचा फटका बसतो. जो उपस्वर हवा त्याच्या निस्पंद बिंदूला खेटूनच तार छेडली जाते. यंग यांच्या नियमाच्या इतक्या जवळून जाणारी युक्ती दुसरी सापडणे कठीण. तिच्यातून निघणारा उपस्वर मुळातच अशक्त असतो, मग तार कोणतीही असो.

याच नियमाचा एक अपवाद सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात तपासला होता. १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या टिपणात त्यांनी दाखवले की तंबोऱ्यात, छेडण्याच्या बिंदूवर निस्पंद असलेले उपस्वरही ठळक ऐकू येतात. तिथली पसरट, किंचित गोलाई असलेली घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे तार घोडीला पुनःपुन्हा चाटून जाते आणि वरचे उपस्वर सतत नव्याने जागे होतात. मिरजेच्या कारागिरांची जवारी काढण्याची कला ती हीच. खर्जाच्या तारेतून गवयाला ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा त्या तारेचा पाचवा उपस्वर असतो. इलेक्ट्रिक गिटारच्या सहाव्या तारेवर पिंच करताना बहुतेक वेळा याच पाचव्या उपस्वराचा, नाहीतर सहाव्याचा, शोध चालू असतो. गिटारच्या घोडीची कड मात्र धारदार असते. ती उपस्वर राखून ठेवते, नव्याने निर्माण करत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्मोनिकला नवे घर हवाई बेटांवर मिळाले. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार आणि तारांवर सरकणारा पोलादी दांडा ही रीत जोसेफ केकुकु यांच्या नावाने ओळखली जाते. या वादकांनी उजव्या तळहाताची कड तारेवर टेकवून अंगठ्याने छेडायची आणि लगेच हात उचलायचा अशी युक्ती रुळवली. घंटेसारखा नाद देणारे ते हार्मोनिक हवाई संगीताची ओळख बनले. बाजारात आलेली पहिली विद्युतचुंबकीय पिकअपची गिटारही मांडीवरचीच होती: जॉर्ज बोशॅम्प यांच्या कल्पनेतून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकरने काढलेली आणि आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली गेलेली. हार्मोनिक आणि विजेची गिटार यांची सोयरीक अशी पहिल्यापासूनच आहे. उभ्या गिटारवर चेट अॅटकिन्स आणि नंतर कॅनडात वाढलेले लेनी ब्रो यांनी तर्जनी-अंगठ्याची अभिजात रीत घेऊन तिच्यात साधे स्वर आणि हार्मोनिक आलटूनपालटून गुंफले. तो नाद वीणेच्या झंकारासारखा मऊ असे. त्याला कोणी किंकाळी म्हटले नसते.

किंकाळी आली ती पिकने वाजवणाऱ्या आणि अॅम्प्लिफायर पूर्ण उघडून ठेवणाऱ्या वादकांकडून. बॉबी ग्रेग यांच्या १९६२ सालच्या ‘पोटॅटो पीलर’ या ध्वनिमुद्रिकेवर रॉय ब्युकॅनन यांनी टेलिकास्टर गिटारवर काढलेले पिंच हार्मोनिक हे या तंत्राच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक मानले जातात. ब्युकॅनन यांच्या सहवासात काही काळ असलेल्या रॉबी रॉबर्टसन यांनी ते ‘द बँड’च्या गाण्यांत नेले. १९७३ मध्ये झेडझेड टॉपच्या ‘ला ग्रेंज’मध्ये बिली गिबन्स यांनी त्याला असे काही ठसठशीत रूप दिले की पुढची पिढी ते तिथूनच शिकली. गिबन्स नाण्याने तार छेडत असल्याचे आणि अत्यंत बारीक तारा वापरत असल्याचे सांगितले जाते. यातला दुसरा तपशील महत्त्वाचा आहे.

या वादकांच्या किंकाळ्या बहुतांशी वरच्या तीन तारांवरच्या आहेत, आणि तिथे त्या शक्य झाल्या त्यामागे वस्तूंचा एक छोटा इतिहास आहे. १९५०च्या दशकात गिटारचा तयार संच जाड असे. तिसरी तारही गुंडाळीची असे. तार वाकवून स्वर चढवू पाहणारे वादक बॅन्जोची तार आणून पहिल्या जागी बसवत आणि संच एकेक घर खाली सरकवत. कॅलिफोर्नियातल्या एर्नी बॉल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बारीक तारांचा तयार संच बाजारात आणला. त्यातली पहिली तार ०.०१० इंचाची, सहावी ०.०४६ इंचाची. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर पाव मिलिमीटर आणि जवळजवळ १.२ मिलिमीटर. दुसरीकडे अॅम्प्लिफायर बदलत गेले. लंडनमध्ये मार्शल यांचा पहिला अॅम्प १९६२चा. १९७२ मध्ये डिमार्झिओचे ‘सुपर डिस्टॉर्शन’ पिकअप आले, १९७०च्या दशकाच्या मध्यावर मार्शलच्या अॅम्पवर मास्टर व्हॉल्यूमचे बटण आले आणि आवाज फार न वाढवताही विकृती (डिस्टॉर्शन) मिळू लागली.

विकृती इथे का लागते तेही सांगायला हवे. निर्वात नळी किंवा डायोड ताणला गेला की मोठा आवाज छाटला जातो आणि लहान आवाज वर उचलला जातो. पिंच पद्धतीतून निघालेला अशक्त उपस्वर त्यामुळे साध्या स्वराच्या बरोबरीने ऐकू येतो आणि लांबतो. अॅम्प स्वच्छ ठेवून हीच कृती केली तर उपस्वर येतो, पण शेजारच्या खोलीत पोहोचत नाही. पिंच हार्मोनिकचा इतिहास हाताइतकाच अॅम्प्लिफायरचाही आहे. सोर यांच्या काळी कोणी चुकून पिंच केला असेल तर तो ऐकलाच गेला नसेल.

जाड तारांचा प्रश्न ऐरणीवर आला तो हेवी मेटलमुळे. या संगीताचा भार खालच्या तारांवर असतो. बर्मिंगहॅममध्ये गिटारवादक टोनी आयोमी यांनी १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली. ते डावखुरे, म्हणजे तार दाबायची बोटे तीच. त्यांनी बारीक तारा घेतल्या, आणि १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बमसाठी गिटार तीन अर्धस्वर उतरवली. सहावी तार ८२ हर्ट्झवरून ६९ वर आली. रिफ (पुन्हापुन्हा येणारा स्वरांचा तुकडा) तळाशी गेली तशी किंकाळीही तळाच्या तारेवर हवी अशी अपेक्षा निर्माण झाली.

तिथे काय आडवे येते ते एका उदाहरणात मोजून पाहता येते. फेंडरच्या गिटारवर तारेची लांबी ६४८ मिमी असते. सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की ५४५ मिमी उरते आणि स्वर मिळतो जी, ९८ हर्ट्झचा. पाचव्या उपस्वरासाठी अंगठा घोडीपासून १०९ मिमीवर लागायला हवा. तो लागला, गंधार किंचाळला. आता डावा हात पाचव्या फ्रेटवर गेला आणि उजवा जागचा हलला नाही, तर? उरलेली लांबी ४८५ मिमी. तिचा चौथा हिस्सा १२१ मिमीवर, पाचवा ९७ मिमीवर, आणि अंगठा १०९ वर, दोघांच्या साधारण मधोमध. तिथून नवव्या उपस्वराचा निस्पंद बिंदू थोडाच दूर असल्याने क्वचित एक बारीक चिरका आवाज निसटतो, एरवी ‘टक्’. डाव्या हाताने दोन फ्रेट सरकायचे तर उजव्याने सुमारे १२ मिमी सरकायलाच हवे. वाजवण्याच्या वेगात हे मोजता येत नाही, सरावाने हाताला कळावे लागते. बारीक तारांवर वादक बहुधा वरच्या फ्रेटवर असतो. तिथे उरलेली तार आखूड, निस्पंद बिंदू दाट, म्हणून अंगठा कुठेही पडला तरी काही ना काही सापडते.

दुसरी अडचण यंग यांच्या नियमातून येते आणि शिकवणारे तिचा उल्लेख क्वचितच करतात. अंगठा आणि पिकचे टोक यांच्यात ५ मिमी अंतर धरले, तर सतराव्या फ्रेटवर उरलेल्या २४३ मिमी तारेचा तो दोन टक्के भाग होतो. पाचव्या फ्रेटवर ४८५ मिमीचा एकच टक्का. पाचवा उपस्वर जितका जोरकस उमटू शकतो त्याच्या मानाने पहिल्या ठिकाणी सुमारे एक तृतीयांश उमटतो, दुसऱ्या ठिकाणी सुमारे एक षष्ठांश. बोटे तीच, पकड तीच. तार लांबली म्हणून उपस्वर निम्म्याने रोडावला. जाड तारेवर पिक थोडे अधिक बाहेर काढून धरावे, मनगट वळवून अंगठा आणि टोक यांतले अंतर वाढवावे, हा अनुभवी वादकांचा सल्ला या हिशेबाशी जुळतो. पिक जितके आखूड तितकी किंकाळी सोपी, हे जे सरसकट सांगितले जाते ते बारीक तारांपुरतेच खरे.

तिसरी बाब कानाची. तिसऱ्या फ्रेटवरच्या जीचा चौथा उपस्वर ३९२ हर्ट्झचा असतो. पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट साधा वाजवला तरी तेवढाच उंच स्वर मिळतो. म्हणजे सहाव्या तारेवर चौथा उपस्वर अचूक काढला तरी ती किंकाळी वाटत नाही, एक मधला, काहीसा पोकळ स्वर वाटतो. पहिल्या तारेवर तोच चौथा उपस्वर १५६८ हर्ट्झवर जातो आणि कानात शिरतो. सहाव्या तारेवर अंगावर येणारा आवाज हवा तर सहाव्या, आठव्या किंवा त्याहून वरच्या उपस्वराकडे जावे लागते, आणि तिथले बिंदू एकमेकांपासून सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी अंतरावर असतात. नवशिक्याला कित्येकदा हार्मोनिक मिळालेला असतो, फक्त तो अपेक्षेइतका उंच नसल्याने ओळखू येत नाही.

तारेचा दोष अजिबात नाही असेही नाही. गुंडाळीच्या तारा सतराव्या शतकातल्या. लंडनमध्ये १६६०च्या दशकात त्यांची जाहिरात झाली होती. गाभ्यावर धातूची बारीक तार वेटोळत नेली की वजन वाढते आणि लवचीकपणा फारसा घटत नाही, हा त्यांचा फायदा. पण वेटोळ्यांच्या आपसातल्या घर्षणात वरचे उपस्वर आधी मरतात. घाम आणि मळ वेटोळ्यांमध्ये साचला की आणखी लवकर. १९५०च्या दशकात जॅझवादकांना प्रिय असलेल्या, चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या तारा याबाबत सर्वांत मंद. सहाव्या तारेवर हार्मोनिक निघेनासा झाला तर तंत्र बदलण्याआधी तार बदलावी, हे बरे. शिवाय मेटलमध्ये उजवा तळहात घोडीजवळ टेकवून आवाज दाबत वाजवतात. पिंच करताना तो हात उचलायचे राहिले तर अंगठ्याने जागा केलेला उपस्वर तळहात लगेच गिळून टाकतो.

ही सगळी अवघड जागा एका वादकाने आपली सही करून टाकली. झॅक वाइल्ड १९८७ मध्ये ऑझी ऑस्बॉर्न यांच्याकडे रुजू झाले आणि पुढच्या वर्षीच्या ‘नो रेस्ट फॉर द विकेड’ या अल्बमपासून त्यांनी खालच्या तारांवरच्या रिफच्या मधोमध किंकाळ्या पेरायला सुरुवात केली. जाड तार, तिसरा किंवा पाचवा फ्रेट, पिंच आणि त्यावर डाव्या हाताने दिलेले रुंद आंदोलन. हे आंदोलन दागिन्यापुरते नाही: हलता स्वर कानाला स्थिर स्वरापेक्षा लवकर पकडता येतो आणि अशक्त उपस्वर गोंगाटातून वर काढला जातो. त्यांच्या गिटारमध्ये घोडीजवळ ‘ईएमजी ८१’ हे बॅटरीवर चालणारे पिकअप असे. जागेची निवडही अर्थपूर्ण आहे. मानेजवळचे पिकअप बऱ्याच गिटारवर मोकळ्या तारेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास बसते, म्हणजे नेमके चौथ्या उपस्वराच्या निस्पंद बिंदूखाली. तो उपस्वर त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. घोडीजवळ मात्र सगळे खालचे-मधले उपस्वर हजर असतात. अॅम्पच्या आधी ‘ट्यूब स्क्रीमर’सारखे पेडल लावण्याची रीतही याच जातीची. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आयबनेझने काढलेले हे पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी उचलते, त्यामुळे मूळ स्वराचा चिखल होत नाही आणि वरच्या उपस्वराला वाट मिळते.

काहींनी पिंचचा हट्टच सोडला. एडी व्हॅन हेलन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस दाबलेल्या स्वरापासून बारा फ्रेट पुढच्या फ्रेटच्या धातूवर बोटाने टिचकी मारून हार्मोनिक काढले. यात स्पर्श आणि आघात एकाच क्षणी होतात, बिंदू फ्रेटने आखून दिलेला असतो आणि जाड तारही मुकाट्याने बोलते. पँटेरा या बँडचे डाइमबॅग डॅरेल मोकळ्या तारेचे नैसर्गिक हार्मोनिक घेत आणि तारांचा ताण बदलणाऱ्या फ्लॉइड रोझच्या दांड्याने ते वरखाली ओढत. १९९० सालच्या ‘सेमेटरी गेट्स’च्या शेवटी गायकाच्या आरोळीशी त्यांची गिटार भिडते ती अशी.

जाड तार निर्दोष असल्याचा सर्वांत ठोस पुरावा मात्र बास गिटारने दिला. जाको पास्टोरियस यांनी १९७६ च्या ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’त नैसर्गिक हार्मोनिकवर सबंध रचना उभी केली आणि पुढच्या वर्षी वेदर रिपोर्टच्या ‘बर्डलँड’ची सुरुवातीची धून कृत्रिम हार्मोनिकवर वाजवली. बासची तार ८६४ मिमी लांब, आणि त्यातली सर्वांत जाड तार गिटारच्या सहाव्या तारेपेक्षा दुपटीहून जाड. तरी स्वर घंटेसारखे निघतात, आणि तेही विकृतीची मदत न घेता. त्यांची रीत अशी की उजवा अंगठा बिंदूवर टेकवायचा आणि त्याच हाताचे बोट अंगठ्यामागून, चांगल्या अंतरावरून, छेडायचे. आग्वादो आणि सोर यांच्या काळापासूनची हीच शहाणी विभागणी. तिच्यासाठी पिक खाली ठेवावे लागते, आणि मेटलवादकाला तेच नको असते.

१९९०नंतर तार आणखी खाली गेली. स्टीव्ह वाय यांच्यासाठी घडवलेली आयबनेझची सात तारांची ‘युनिव्हर्स’ १९९० मध्ये आली. कॉर्न या बँडने १९९४च्या पहिल्या अल्बमवर सातवी तार एपर्यंत, म्हणजे ५५ हर्ट्झपर्यंत उतरवली. स्वीडनच्या मेशुगाने पुढे आठ तारा घेतल्या आणि सर्वांत खालची एफवर, ४४ हर्ट्झच्या आत ठेवली. एवढ्या खाली गेल्यावर तार सैल पडू नये म्हणून गिटारची लांबीही वाढवली जाते, २७ इंच किंवा अधिक. पंख्यासारखे तिरपे फ्रेट बसवून खालच्या तारा लांब आणि वरच्या आखूड ठेवण्याची पद्धतही आता रुळली आहे. त्यामुळे प्रत्येक तारेवर निस्पंद बिंदू वेगळ्या अंतरावर येतो आणि सहा तारांवर घटवलेला हात नव्याने बसवावा लागतो. अंगठ्यासाठी जागा मात्र ऐसपैस मिळते. ट्रॉम्बा मरीनाच्या लांबीकडे थोडे परत गेल्यासारखेच ते आहे.

जिथे हाताने होत नाही तिथे यंत्र आले. डिजिटेकचे ‘व्हॅमी’ पेडल १९९०च्या आसपास बाजारात आले. पायाने दाबले की ते स्वर एक-दोन सप्तक वर ढकलते. फ्रान्सच्या गोजिराच्या ‘स्ट्रँडेड’ या २०१६ सालच्या गाण्यातली रिफच्या मध्ये येणारी कर्कश चीर अनेकांना पिंच हार्मोनिक वाटते. ती या पेडलची आहे. अंगठा तिथे तारेला लागतच नाही.